कानातली मोटर

गेल्या रमजानमध्ये दोन दिवस आजोळी, भाटघरला गेले होते. सहेरीला अजून अवकाश होता. रात्री दोनच्या सुमारास जाग आली, तर मामू अंगणात उभे. मला बघून म्हणाले, "बेटा, शेजारची मोटर कोणी चालू ठेवलीये का बघ जरा. कधीपासून घरघरतीये." मी कान देऊन ऐकलं. मोटर नव्हती. त्या रात्री कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. तसं सांगितलं, तर मामू गप्प झाले. दारातून मुमानी म्हणाल्या, "तीन वर्षं हेच चाललंय. आम्ही थकलो सांगून."

मामूंनी बावीस वर्षं महामार्गालगतच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर काम केलं. पत्रा ठेवायचा, पॅडल दाबायचं, धाड. पुन्हा पत्रा. आठ तास, कधी ओव्हरटाइम धरून बारा. कानात घालायला कापसाचा बोळा, तोही स्वतःच्या खिशातला. काम सुटलं आणि वर्षभरात ही मोटर सुरू झाली. आधी फक्त रात्री, मग दिवसाही.

सगळ्यात जास्त त्रास कुठे होतो, असं विचारलं तेव्हा त्यांनी जे उत्तर दिलं ते मला अपेक्षित नव्हतं. म्हणाले, "मशिदीत. सगळे शांत उभे राहिले की माझ्या कानात सुरू होतं. सजद्यात गेलो की अजून वाढतं. दुआ काय मागायची तेच विसरतो." या माणसाने जमातची नमाज जवळजवळ सोडली होती आणि घरातले समजत होते की त्यांचं मन दीनातून उडालं.

आणखी एक गोष्ट घरात कुजबुजत बोलली जात होती. मामू रात्री टॉर्च घेऊन धरणाच्या खालच्या अंगाला नदीकाठी जाऊन बसतात, तास-दीड तास. भाटघरचं धरण 1928 चं, वेळवंडी नदीवरचं. पायथ्याला वीजघर आहे. खाली पाणी सोडलेलं असलं की त्याचा घोष लांबवर येतो. एवढ्या रात्री पाण्याजवळ जाऊन बसणारा माणूस म्हणजे त्याला काहीतरी 'लागलं' असणार, असं नात्यातल्या कोणीतरी ठरवलं. मग ताबीज झालं, दम केलेलं पाणी झालं, कानात टाकायचं कसलंसं तेल झालं. मामूंना कोणी विचारलं नाही की तुम्ही तिथे का जाता. मी विचारलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं : "तिथे मोटर ऐकू येत नाही."

मामूंना जे होतंय त्याला वैद्यकात टिनिटस म्हणतात. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत त्यासाठी कर्णनाद हा शब्द आहे, इब्न सिनाने 'अल-कानून'मध्ये तनीन म्हटलंय, आणि आपल्या घरांत 'कान बजना' म्हणतात. म्हणजे रोग काही नवा नाही आणि त्याला नावांचीही वाण नाही. बाहेर आवाज नसताना कानात किंवा डोक्यात आवाज येत राहतो. कोणाला शिट्टी, कोणाला रातकिडे, कोणाला कुकरची वाफ, कोणाला मोटर. हा भास नाही, वेड नाही आणि बाहेरचंही काही नाही. आपल्या प्रत्येक आंतरकर्णात सुमारे 15 हजार सूक्ष्म केशपेशी असतात. बाहेरच्या ध्वनीचं मेंदूला कळेल अशा संकेतांत रूपांतर करणं हे त्यांचं काम. मोठ्या आवाजाने, वयाने किंवा काही औषधांनी त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून येणारा संकेत कमी झाला की मेंदू जणू स्वतःचं बटण मोठं करतो, आणि त्या वाढवलेल्या बटणातून जी खरखर येते ती रुग्णाला आवाज म्हणून ऐकू येते, असं आज बरेचसे अभ्यासक मानतात. 1953 साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकण्याची काहीच तक्रार नसलेल्या 80 जणांना आवाजबंद खोलीत बसवलं. त्यातल्या 94 टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. तेव्हा थोडी मोटर सगळ्यांच्याच कानात आहे. फरक एवढाच की बहुतेकांचा मेंदू तिच्याकडे लक्ष देत नाही.

मामूंना घेऊन पुण्यातल्या एका दवाखान्यात गेलो. दोन तास रांगेत, तीन मिनिटं आत. "वय झालं. याला इलाज नाही. सवय करून घ्या." चिठ्ठीवर व्हिटॅमिनच्या गोळ्या. वैद्यकीयदृष्ट्या डॉक्टर फारसे चुकले होते असं मी म्हणणार नाही. आवाज मुळापासून बंद करणारी खात्रीची गोळी आजही नाही, आणि माणसाला सवय होते हेही खरं. पण सवय कशी करायची, हे सांगायला त्या तीन मिनिटांत जागा नव्हती. परतीच्या एसटीत मामू कात्रजचा घाट ओलांडेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मरेपर्यंत हे असंच."

या वाक्यानंतर जे काम सुरू व्हायला हवं, त्याबद्दल हे संपादकीय आहे.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात जॅक व्हर्नन नावाचे श्रवणशास्त्राचे संशोधक होते. 1970 च्या दशकात चार्ल्स युनिस हे कॅलिफोर्नियातले डॉक्टर त्यांना भेटायला आले. युनिस स्वतः टिनिटसने बेजार होते, आणि 1971 मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन टिनिटस असोसिएशनच्या उभारणीत त्यांचा हात होता. दोघे चालत चालत शहरातल्या एका मोठ्या कारंज्यापाशी आले आणि युनिस तिथून हलेनात. पाण्याच्या आवाजात त्यांना कानातला आवाज ऐकू येत नव्हता. त्यावरून व्हर्नन यांना कानात घालायचं, सौम्य आवाज करणारं यंत्र सुचलं आणि त्या उपचाराला सुरुवात झाली. ही हकिगत वाचली तेव्हा मला मामूंचा टॉर्च आठवला. पोर्टलंडला जी गोष्ट शोध ठरली, ती आमच्या घरात 'असर' ठरली. फरक पडला तो शेजारी उभ्या असलेल्या माणसाने प्रश्न विचारला म्हणून.

दुसरी हकिगत ब्रिटनची. जॅक ॲश्ले हे मजूर पक्षाचे खासदार. 1967 च्या डिसेंबरात कानाची एक साधी समजली जाणारी शस्त्रक्रिया झाली आणि वयाच्या पंचेचाळिशीत ते पूर्ण बहिरे झाले. ऐकू येणं गेलं, पण कानातला गोंगाट राहिला. राजीनामा द्यायचं त्यांच्या मनात होतं. मतदारसंघातल्या लोकांनी राहायला सांगितलं, तेव्हा ओठांवरून बोलणं वाचायला शिकून ते संसदेत परत आले आणि पुढची कित्येक वर्षं अपंगांच्या हक्कांसाठी भांडले. त्यांच्याच मदतीने 1979 मध्ये ब्रिटिश टिनिटस असोसिएशन उभी राहिली. पुढे तिने टिनिटस यूके हे नाव घेतलं.

या संस्थेने केलं काय? औषध शोधून काढलं असं नाही. संशोधनाला पैसा दिला, पण तिचं रोजचं काम फार साधं होतं : फोन उचलणं. हेल्पलाइनवर पलीकडचा माणूस "हो, तुम्हाला ऐकू येतंय ते खरं आहे" इथून सुरुवात करायचा. गावोगावी आधारगट, बरेचसे टिनिटस असलेल्यांनीच चालवलेले. महिन्यातून एकदा चहाच्या कपाभोवती दहा-बारा माणसं बसणार, आणि नव्याने आलेल्याला दिसणार की समोरचे काका वीस वर्षं हाच आवाज घेऊन जगताहेत, हसताहेत, नातवंडांना खेळवताहेत. तज्ज्ञांकडून तपासून घेतलेली, सोप्या भाषेतली पत्रकं. आणि जनरल डॉक्टरांसाठी माहिती, कारण पहिला धक्का बहुधा त्यांच्याच खोलीत बसतो.

हे सगळं वरवर किरकोळ वाटेल. पण आवाजाचा त्रास आवाजाच्या मोठेपणावर फारसा अवलंबून नसतो. सारख्याच आवाजाने एक जण झोपतो, दुसऱ्याची झोप उडते. मेंदूने त्या आवाजाला धोका मानलं की तो सतत त्याच्यावर पहारा देतो. झोप जाते, झोप गेली की भीती वाढते, भीती वाढली की आवाज मोठा वाटतो. हे चक्र जिथे तुटतं तिथे माणूस सुटतो. बोलून, समजून घेऊन विचारांची वळणं बदलणारा जो मानसोपचार आहे, सीबीटी, त्यावरच्या 28 चाचण्यांचा एकत्र आढावा कॉक्रेन संस्थेने 2020 मध्ये घेतला. निष्कर्ष असा की जगण्यावर होणारा टिनिटसचा परिणाम त्याने कमी होऊ शकतो. आणि गोळ्या? अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने 2014 मध्येच सांगितलंय की टिनिटससाठी जिंको, झिंक वगैरे पूरक गोळ्या सुचवू नयेत. मोबाइलवर 'सात दिवसांत कान साफ, आवाज बंद' म्हणणाऱ्या थेंबांच्या जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. मामूंकडे तशा दोन बाटल्या निघाल्या.

आता आपल्याकडे बघू. महाराष्ट्रात काहीच नाही असं नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था 1983 पासून आहे. अली यावर जंग म्हणजे अलिगढ विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेले गृहस्थ. देशात ऑडिओलॉजिस्ट घडवणारी ही एक प्रमुख संस्था, तिथे रुग्णही तपासतात, आणि आपल्यातल्या कित्येकांनी रेक्लमेशनवरून जाताना तिची पाटी नुसती वाचलेली आहे. पुण्यात ससूनमध्ये कान-नाक-घसा विभाग आहे, भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजीचं महाविद्यालय आहे. तपासणी होते. होत नाही ती त्यानंतरची सोबत.

कायद्याचंही तसंच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. कानातला आवाज त्यात नाही. ऐकू कमी येत असेल तर दोन्ही कानांत किमान 60 डेसिबलची घट लागते. मामूंची दुसऱ्यांदा नीट तपासणी झाली तेव्हा आलेखात बारीक, उंच आवाजांच्या जागी खड्डा निघाला. गोंगाटात राबलेल्या कानाची ही ओळखीची खूण आहे. पण तो खड्डा प्रमाणपत्राएवढा खोल नाही. त्यामुळे सवलतीचं श्रवणयंत्र नाही. गोंगाटामुळे आलेला बहिरेपणा कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे, पण कामावर असताना तपासणीच झाली नसेल तर निवृत्तीनंतर सिद्ध काय करणार?

आणि मामू एकटे नाहीत. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कोण उभं असतं ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. शेडमध्ये शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. अमेरिकेची निऑश ही संस्था 85 धरते, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करते. त्या हिशोबाने 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. मागाची एक पाळी किती तासांची असते? गॅरेजमधला पोरगा, फॅब्रिकेशनमध्ये ग्राइंडर चालवणारा, बॉडी बिल्डिंगच्या शेडमध्ये पत्रा ठोकणारा, यांच्यातल्या किती जणांच्या कानात प्लग असतो? प्लगची जोडी एका चहा-वडापावच्या पैशात येते.

इथे एक कटू गोष्ट बोलायला हवी. भोंग्यांचा वाद पेटला तेव्हा आपण त्याकडे फक्त ओळखीचा प्रश्न म्हणून पाहिलं. समोरून राजकारण होत होतं, हे खरंच होतं. पण त्या धांदलीत कान या अवयवाचा विचार कोणीच केला नाही. 2000 चे ध्वनिप्रदूषण नियम रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला मनाई करतात, निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालतात, आणि ते सर्व धर्मांना सारखेच लागू आहेत. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये म्हटलं, तेही सर्वांनाच. सुमैरा अब्दुलअली यांनी 2003 मध्ये शांतता क्षेत्रांसाठी न्यायालयात धाव घेतली, 2006 मध्ये आवाज फाउंडेशन सुरू केलं, आणि तेव्हापासून त्या डेसिबल मीटर घेऊन सगळ्यांच्याच मिरवणुका मोजत आल्या आहेत. आपल्या सभांमध्ये त्यांचं नाव किती वेळा निघतं?

अजानचा आवाज दोन-तीन मिनिटांचा. मला खरी काळजी वाटते ती संदल आणि मिलादच्या जुलूसमधल्या स्पीकरच्या भिंतींची. गणपतीत डीजे आहे म्हणून आम्हालाही हवा, हा युक्तिवाद मी गेली काही वर्षं ऐकते आहे. त्या भिंतीसमोर तीन तास नाचून घरी आलेल्या पोराच्या कानात रात्रभर शिट्टी वाजते, सकाळी थांबते, आणि तो विसरून जातो. ती शिट्टी म्हणजे कानाने दिलेली नोटीस असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 12 ते 35 वयाच्या एक अब्जाहून अधिक तरुणांची श्रवणशक्ती असुरक्षित ऐकण्याच्या सवयींमुळे धोक्यात आहे. म्हणजे हेडफोन, क्लब, डीजे. तुमच्या वयाचे लोक, मामूंच्या नव्हे.

ज्यांच्या कानात आवाज सुरू झालाय त्यांनी काय करावं, तेही इथेच सांगते. आधी कान तपासून घ्या. कधी कधी नुसता मळ असतो. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, चक्कर येत असेल किंवा चेहऱ्याची एक बाजू सैल पडली असेल तर टाळाटाळ करू नका. अचानक ऐकू येणं बंद झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, त्यात दिवस घालवून चालत नाही. क्षयासाठी किंवा दुसऱ्या संसर्गासाठी अमिकासिन, जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं चालू असतील तर कानातल्या आवाजाबद्दल डॉक्टरांना सांगा, पण स्वतःहून औषध बंद करू नका. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने पुष्कळदा आवाजाचाही त्रास कमी होतो. पूर्ण शांततेत झोपू नका. पंखा, हळू रेडिओ, पाण्याचा आवाज, काहीही चालेल, फक्त ते कानातल्या आवाजापेक्षा किंचित लहान असावं. आणि झोप उडून मन फारच खचत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर 14416 हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे. मोफत आहे, मराठीतही बोलतात.

हे सगळं मी मामूंना भाटघरला ओट्यावर बसून सांगितलं. त्याला दोन तास लागले, दवाखान्यातल्या तीन मिनिटांत ते मावणारच नव्हतं. मुमानीही ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे हे खोटं सांगत नव्हते?"

आता आमचा बेत. आपल्या मित्रमंडळाकडे पैसा कमी आणि माणसं बरी आहेत, आणि या कामाला तेच लागतं. मराठी आणि उर्दू अशा दोन लिपींत एका पानाचं पत्रक आम्ही करतो आहोत. एका कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून आणि एका ऑडिओलॉजिस्टकडून तपासून घेतल्याशिवाय ते छापणार नाही. जुम्याला मशिदीबाहेर, यंत्रमागांच्या गेटवर, एसटी स्टँडवर वाटू. महिन्यातून एका रविवारी बैठक, आधी पुण्यात, जमलं तर भोरलाही. तिथे डॉक्टर असलेच पाहिजेत असं नाही, टिनिटस असलेली दोन माणसं मात्र असलीच पाहिजेत. जकात-सदक्याच्या पैशातून गरजूला श्रवणयंत्र घेऊन देता येईल का, यावर काही मशिदींच्या विश्वस्तांशी बोलणं चालू आहे. एकांनी विचारलं, "यात सवाब आहे का?" मी म्हटलं, नमाज सोडलेला एक माणूस परत सफमध्ये उभा राहिला तर तुम्हीच ठरवा. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

मामूंची मोटर चालूच आहे. पण आता ते पंखा लावून झोपतात, आणि मशिदीत कूलरशेजारची जागा धरतात. नदीवर अजूनही जातात, फक्त टॉर्च आता मुमानींच्या हातात असतो.

तुमच्या घरात, गल्लीत, शेडमध्ये असं कोणी असेल तर आम्हाला कळवा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, लिहिता येत नसेल तर व्हॉट्सॲपवर बोलून पाठवा. फोनवर बोलायला दोन माणसं तयार झाली आहेत, त्यातले एक मामू. रात्री दोनला केला तरी चालेल म्हणाले, ते बहुधा जागेच असतात.